फूटीचे डावपेच : सर्वात अवघड पातळीवर मॅच काढायची कशी?

या वेळच्या पत्रांत एकच विषय पुन्हा पुन्हा आला आहे : ऑस्ट्रेलियन फुटबॉलचे, म्हणजे तिकडे ज्याला सगळे ‘फूटी’ म्हणतात त्या खेळाचे, व्हिडिओ गेम. मेलबर्नच्या मराठी घरांतून पत्रं आली, तशी पुण्या-ठाण्याहूनही आली. बहुतेकांकडे बिग अँट स्टुडिओजचा २०२३ चा ‘एएफएल २३’ किंवा त्यानंतरचा ‘एएफएल २६’ आहे (एएफएल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, या खेळाची तिथली मुख्य स्पर्धा). थोडे जण अजून २०२० चा ‘एएफएल इव्होल्यूशन २’ खेळतात. बटणं कन्सोलप्रमाणे आणि गेमप्रमाणे बदलतात, म्हणून खाली बटणाचं नाव न देता त्याचं काम दिलं आहे. सेटिंगमधलं कंट्रोलचं पान समोर ठेवून वाचा.

प्रश्न : मी ‘क्रिकेट २४’ खेळतो आणि त्याच कंपनीचा म्हणून फूटीचा गेम घेतला. खेळ कधी बघितलेला नाही. अवघड पातळीकडे जाण्याआधी किती नियम शिकायला हवेत? (पुणे)

उत्तर : पुस्तकभर नियम लागत नाहीत, पाच-सहा पक्के हवेत. मैदान अंडाकृती, चेंडूही अंडाकृती, एका संघाचे १८ खेळाडू मैदानात. प्रत्येक टोकाला चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून आपल्या खेळाडूने पायाने मारलेला चेंडू वाटेत कुणालाही न लागता गेला की गोल, ६ गुण. टप्पा पडून गेला तरी चालतो. उंच खांबाला लागला, कुणाचा हात लागून गेला किंवा बाजूच्या फटीतून गेला, तर ‘बिहाइंड’, १ गुण. म्हणून गुणफलकावर १०.५ (६५) असं दिसतं : १० गोल, ५ बिहाइंड, एकूण ६५.

आता बाकीचे नियम. किक किमान १५ मीटर गेली आणि चेंडू हवेतच स्वच्छ झेलला तर ‘मार्क’, म्हणजे झेलणाऱ्याला निवांत किक. १५ मीटरपेक्षा कमी गेली तर मार्क नाही, खेळ चालूच. चेंडू घेऊन पळताना दर १५ मीटरला तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. चेंडू फेकायचा नाही. एका तळव्यावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने मारायचा, तो ‘हँडबॉल’. किक टप्पा न पडता थेट सीमेबाहेर गेली की समोरच्याला फ्री किक. ऑफसाइड नाही. एवढ्यावर सुरुवात करा. सहावा नियम म्हणजे ‘होल्डिंग द बॉल’, आणि अवघड पातळीवर सगळ्यात जास्त मॅचेस तोच घालवतो. त्याबद्दल पुढच्या उत्तरात.

प्रश्न : आमचा मुलगा मधल्या पातळीवर आरामात जिंकतो, पण सर्वात अवघड पातळी लावली की ऐंशी-ऐंशी गुणांनी हरतो. चेंडू हातात आला की लगेच टॅकल होतं आणि फ्री किक जाते. संगणक फसवतो असं त्याचं म्हणणं आहे. (टार्नीट, मेलबर्न)

उत्तर : तो जोरात पळण्याचं बटण सोडत नसणार. मधल्या पातळीवर ही सवय खपून जाते, कारण तिथे समोरचे बचावपटू उशिरा येतात. अवघड पातळीवर ते लवकर अंगावर येतात आणि पळत्या खेळाडूला वळायला जागा उरत नाही. मग ‘होल्डिंग द बॉल’ लागू होतो. चेंडू सोडण्याची संधी मिळाली असताना तुम्ही तो सोडला नाही आणि पकडले गेलात, तर तो ताबडतोब किक किंवा हँडबॉलने सुटलाच पाहिजे. नाहीतर फ्री किक. संधीच मिळाली नव्हती, म्हणजे चेंडू उचलता उचलता पकडलं, तर नुसता प्रयत्न केला तरी पुरतो आणि पंच चेंडू पुन्हा वर टाकतो. सावरून पळायला लागलात की संधी मिळाली असं धरलं जातं. पळताना चेंडू आपटला त्या क्षणी पकडलं तरी चेंडू तुमच्याच ताब्यात मानतात. म्हणजे गर्दीत बाउन्स करणं ही आपणहून दिलेली फ्री किक आहे.

त्याला हा क्रम सांगा. चेंडू उचलताना जोरात पळण्याचं बटण पूर्ण सोडायचं. उचलण्याआधीच, चेंडू अजून जमिनीवर असताना, जवळचा मोकळा साथीदार कुठे आहे ते बघून ठेवायचं. बहुधा तो मागे किंवा बाजूला असतो, पुढे क्वचितच. उचलला की लगेच हँडबॉल त्याच्याकडे. त्याच्या भोवती चार-पाच मीटर मोकळे असतील तर तोच किक मारेल. नसतील तर आणखी एक हँडबॉल. तिसरा मात्र नाही. एकापाठोपाठ तीन हँडबॉल गेले की पहिल्या टॅकलसाठी धावलेले दोघे-तिघे तिसऱ्याजवळ पोचलेले असतात. तिसऱ्याची वेळ आली तर चेंडू नाकासमोर उंच मारून द्यायचा. तो वादातला चेंडू होईल, पण ताब्यातून फुकट जाणार नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आणि करायला सोपी. मार्क मिळाला की कंट्रोलरच्या डाव्या काडीवरचा (स्टिकवरचा) अंगठा उचलायचा. काडी ढकललेली राहिली की खेळाडू आपल्या रेषेवरून सरकतो, पंच ‘प्ले ऑन’, म्हणजे खेळ चालू, देतो आणि हाती आलेली निवांत किक वाया जाते. २०२१ पासून खऱ्या खेळात झेल झाला त्या जागेवर (तिलाही ‘मार्क’च म्हणतात) उभ्या राहिलेल्या प्रतिस्पर्ध्याला जागेवरून हलता येत नाही, हलला तर ५० मीटरचा दंड. म्हणजे समोर उभा माणूस धोका नाही, तो खुंटा आहे. श्वास घ्या, कॅमेरा फिरवा, २० ते ३५ मीटरवर एकटा साथीदार शोधा, त्याला किक द्या. पुन्हा मार्क, पुन्हा थांबा. अवघड पातळीवर संगणकाला हरवण्याचा पाया हाच आहे : चेंडू वादात न पडता एका मार्कवरून दुसऱ्या मार्कवर न्यायचा. तुमच्याकडे मार्क असताना संगणक कितीही चपळ असला तरी त्याला काही करता येत नाही.

यात एकच खोच आहे. घाईत बटणाला नुसता स्पर्श झाला तर किक दहा-बारा मीटरच जाते, झेल होतो पण मार्क मिळत नाही, आणि झेलणारा निर्धास्त उभा असतानाच पकडला जातो. म्हणून १५ मीटर म्हणजे बटण किती वेळ दाबायचं हे बोटांना शिकवावं लागतं. सराव मोडमध्ये किंवा सर्वात सोप्या पातळीच्या मॅचमध्ये मैदानावरच्या रेषा फूटपट्टी म्हणून वापरा. मध्यातलं मोठं वर्तुळ १० मीटर व्यासाचं असतं; त्याच्या दीडपट म्हणजे १५. मधला चौकोन ५० मीटर बाजूचा. त्याच्या एका रेषेवरून मध्यबिंदूपर्यंत २५, समोरच्या रेषेपर्यंत ५०. गोलसमोरची मोठी कमान ५० मीटरवर असते. प्रत्येक अंतराच्या किका सलग मारून बघा, निशाण्याशिवाय, फक्त चेंडू कुठे पडतो ते बघत. एका संध्याकाळी हे बसतं आणि पुढे जन्मभर पुरतं.

प्रश्न : आमच्यात फटके भरपूर होतात पण गोल होत नाहीत. परवाच्या मॅचमध्ये ७.१४ झाले आणि संगणकाचे १०.५. एकवीस वेळा मारूनही हरलो. नेम सुधारण्यासाठी काय करावं? (ठाणे)

उत्तर : ७.१४ म्हणजे ५६ आणि १०.५ म्हणजे ६५. संगणकापेक्षा सहा फटके जास्त मारून तुम्ही नऊ गुणांनी हरलात. नेम हा प्रश्नाचा छोटा भाग आहे. मोठा भाग आहे तुम्ही कुठून मारता.

दोन उंच खांबांमध्ये ६.४ मीटर अंतर असतं. अगदी समोरून मारलं तर पूर्ण ६.४ मीटर दिसतात. सरळ रेषेपासून ४५ अंश बाजूला गेलात की तीच फट तुम्हाला साधारण ४.५ मीटरची दिसते आणि ६० अंशांवर ३.२ मीटरची. आता अंतर धरून बघा. समोरून ५० मीटरवर फटीचा कोन सुमारे ७.३ अंश. ६० अंश बाजूला, पण फक्त ३० मीटरवर, तो सुमारे ६.१ अंश. म्हणजे कोपऱ्यातला ‘जवळचा’ फटका समोरच्या लांबच्या फटक्यापेक्षा अवघड आहे. पडद्यावर खांब जवळ दिसतात म्हणून हात शिवशिवतात, आणि तिथेच चौदा बिहाइंड जमतात.

बिहाइंडची खरी किंमतही लक्षात घ्या. गोल झाला की खेळ मध्यावरून सुरू होतो, दोघांनाही समान संधी. बिहाइंड झाला की चेंडू समोरच्या संघाला मिळतो आणि त्यांचा खेळाडू गोलसमोरच्या चौकोनातून किक-इन घेतो. एक गुण घेऊन तुम्ही चेंडू देऊन टाकता. अवघड पातळीवर चेंडू परत मिळवायला केवढे कष्ट पडतात हे तुम्हाला माहीतच आहे.

तेव्हा नियम असा ठेवा. कमानीच्या आत, सरळ रेषेपासून साधारण ४० अंशांच्या आत मार्क मिळाला तर मारा. त्याबाहेर मिळाला तर थांबा आणि गोलसमोर १५ ते २५ मीटरवर धावून येणारा साथीदार शोधा. तो मोकळा असेल तर आडवी किक त्याला. तिथे मार्क झाला की पुढचा फटका जवळपास हातचा. मोकळं कुणीच नसेल, तर चेंडू गोलसमोरच्या चौकोनापाशी उंच टाका, जिथे तुमचा सर्वात उंच आक्रमक आहे. झेल सुटला तरी चेंडू खांबांसमोर पडतो आणि तिथे तुमच्या बुटक्या, चपळ खेळाडूंना संधी असते.

फटक्याचा प्रकार जागेप्रमाणे निवडा. निवांत किकेला नेहमी ड्रॉप पंट, तो चेंडू उलटा फिरत सरळ जातो. टॉर्पीडो लांब जातो पण थोडी चूक झाली तरी फार वाकतो. ५५ मीटरच्या पलीकडे आणि क्वार्टरच्या शेवटच्या क्षणी दुसरा उपायच नसेल तेव्हाच. चेंडू उचलल्या उचलल्या, अंग गोलकडे वळलेलं नसताना स्नॅप. उजव्या पायाचा स्नॅप उजवीकडून डावीकडे वळतो, म्हणून नेम उजव्या उंच खांबाकडे ठेवा आणि वळणाला जागा द्या. बनाना त्याच्या उलटा : उजव्या पायाने मारला तर डावीकडून उजवीकडे. खेळाडू डावखुरा असेल तर हे सगळं फिरवून घ्या. खेळाडूचा आवडता पाय त्याच्या माहितीत दिलेला असतो, निवडीच्या वेळी बघून ठेवा.

वारा असेल तर नेम वाऱ्याच्या उगमाकडे सरकवायचा. किती, ते पहिल्या क्वार्टरमध्येच एखाद्या लांब किकेवरून कळतं. वाऱ्याचा त्रासच नको असेल तर सुरुवातीच्या मॅचेस मेलबर्नच्या डॉकलंड्स स्टेडियमवर खेळा. त्याला सरकतं छप्पर आहे.

प्रश्न : ताकदीचं मीटर मी बरोबर जागी थांबवतो, तरी किक जास्त किंवा कमी जाते. मित्राच्या घरी हाच गेम खेळताना असं होत नाही. कंट्रोलर खराब आहे का? (नाशिक)

उत्तर : कंट्रोलरआधी टीव्ही तपासा. आजचे मोठे टीव्ही चित्र गुळगुळीत करायला प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतात आणि त्यामुळे पडद्यावर दिसतं ते थोडं जुनं असतं. गेम सेकंदाला ६० फ्रेम देत असेल तर एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद उशीर केला तर तुम्ही सहा फ्रेम मागचं मीटर बघून बटण सोडता. टीव्हीच्या मेनूमध्ये ‘गेम मोड’ असतो, तो त्या एचडीएमआय जोडणीसाठी चालू करा. मोशन स्मूदिंग, नॉइज रिडक्शन वगैरे बंद करा. आवाज वेगळ्या साउंडबारवर असेल तर आवाजावरून वेळ साधू नका, तोही मागे पडतो.

एवढं करूनही फरक पडला नाही तर कंट्रोलर तारेने जोडून बघा. कीबोर्डवर खेळत असाल तर मात्र कंट्रोलर घ्याच. किकेची दिशा आठ दिशांत मोजून देता येत नाही, तिला काडीच लागते.

प्रश्न : संगणकाने एक गोल केला की लगेच दुसरा, तिसरा, चौथा होतो. पाच मिनिटांत मॅच हातातून जाते. ही लाट कशी अडवायची? (पॉइंट कुक, मेलबर्न)

उत्तर : आपल्या ओळखीच्या सॉकरमध्ये गोल खाल्ला की चेंडू आपल्याला मिळतो. इथे तसं नाही. गोलनंतर चेंडू मध्यावर दोन रकमनच्या, म्हणजे उडी मारून चेंडू आपल्या साथीदाराकडे ढकलणाऱ्या उंच खेळाडूंच्या, मध्ये उडतो, आणि तिथे जिंकेल तो पुन्हा हल्ला करतो. म्हणून गोलांच्या रांगा लागतात. लाट अडवायची जागा मध्यावरच आहे, बचावात नव्हे.

२०१९ पासून एएफएलमध्ये ‘६-६-६’ची रचना आहे. मध्यावर चेंडू उडताना प्रत्येक संघाचे सहा जण एका कमानीत, सहा दुसऱ्या कमानीत आणि सहा मध्यभागी असावे लागतात. त्या सहांपैकी चार मधल्या चौकोनात आणि दोन विंगवर, म्हणजे कडेला. म्हणजे त्या क्षणी पुढे जागाच जागा असते. मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, आपल्या ओळखीच्या एमसीजीवर, फूटीचं मैदान सुमारे १६० मीटर लांब धरतात. मध्यबिंदूपासून गोल ८० मीटर. मध्यावरून ४५ मीटरची एक किक गेली की चेंडू गोलपासून ३५ मीटरवर, आणि तिथे एकास एक झुंज. संगणक हेच करतो. तुम्हीही हेच करायचं.

रकमनची निवड इथे निर्णायक. मेलबर्न संघाच्या मॅक्स गॉनसारखा उंच रकमन असेल तर हिटआउट, म्हणजे रकमनने हाताने ढकललेला चेंडू, बहुतेकदा तुमचे. पण हिटआउट जिंकून चेंडू घोळक्यात पाडला तर उपयोग नाही. उडी मारण्याआधी बघा, आपला कोणता मधल्या फळीचा खेळाडू प्रतिस्पर्ध्याच्या मागे किंवा बाजूला मोकळा आहे. चेंडू त्याच्या दिशेला ढकला. त्याने उचलून एकच हँडबॉल मागे द्यावा, आणि मागच्याने मान वर करून किक मारावी. पुढे तोंड करून गर्दीतून घुसायला गेलात की पुन्हा तेच ‘होल्डिंग द बॉल’.

तुमचा रकमन कमजोर असेल तर हिटआउट सोडून द्या. रकमनऐवजी मधल्या फळीतल्या खेळाडूचा ताबा घ्या आणि त्याला आपल्या गोलच्या बाजूला तीन-चार मीटर मागे उभा करा. समोरचा चेंडू उचलून वळतो तिथे हा तयार असतो. टॅकल बसलं तर फ्री किक किंवा पुन्हा चेंडू वर. दोन्ही चालेल, कारण तेवढ्यात विंगवरचे खेळाडू मागे येतात आणि मोकळी जागा भरून निघते.

एक गोष्ट आवर्जून : लागोपाठ दोन गोल खाल्ले की तिसऱ्या वेळी चेंडू मिळाल्यावर पुढे धावू नका. आपल्याच बचावात आडव्या-तिरक्या किका मारून चार-पाच मार्क घ्या. घड्याळ पळतं, खेळाडूंचा दम परत येतो. फक्त आपल्या गोलच्या तोंडासमोरून आडवी किक मारू नका. ती अडवली गेली तर सहा गुण. गोलजवळच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या बाजूला न्यायचं असेल तर कमानीच्या बाहेरून फिरवून न्या.

प्रश्न : बचाव जमतच नाही. त्यांचा उंच आक्रमक प्रत्येक वेळी मार्क घेतो. मी टॅकलला गेलो तर फ्री किक जाते. (कोल्हापूर)

उत्तर : दोन वेगळे रोग आहेत.

मार्कचा आधी. चेंडू हवेत असताना त्याच्या जवळच्या आपल्या खेळाडूचा ताबा घेता आणि तुम्हीही झेलायलाच बघता, असं वाटतं. बचावात झेलायचं नसतं, चेंडू मुठीने उडवायचा असतो, त्याला स्पॉइल म्हणतात. तुम्ही आक्रमकाच्या मागे असाल तर नेहमी स्पॉइल. पुढे किंवा बरोबरीला असाल आणि चेंडू पडण्याची जागा तुमच्याकडे असेल तरच झेल. मागून झेलायला गेलात की धडक बसते आणि ‘पाठीत ढकललं’ म्हणून फ्री किक जाते, तीही गोलसमोर. स्पॉइलचं बटण चेंडू आक्रमकाच्या हातांत पोचण्याच्या किंचित आधी दाबायचं. उडवलेला चेंडू शक्यतो सीमारेषेकडे जावा, म्हणून बटण दाबताना काडी बाजूला कललेली ठेवा.

आता टॅकल. कायदेशीर टॅकल खांद्याच्या खाली आणि गुडघ्याच्या वर. पूर्ण वेगात मागून गेलात तर पाठीत ढकलणं होतं, तिरके आणि उशिरा गेलात तर मानेला हात लागतो. शेवटचे तीन-चार मीटर जोरात पळण्याचं बटण सोडा, बाजूने या, मग दाबा. बटण पुन्हा पुन्हा बडवू नका. पहिला टॅकल हुकला की तुमचा खेळाडू जमिनीवर असतो आणि मागे भगदाड पडतं.

बहुतेक वेळा टॅकलपेक्षा वाट अडवणं जास्त फळतं. चेंडूवाला आणि तुमचा गोल यांच्या मधल्या रेषेवर, पाच-सहा मीटर अंतर ठेवून मागे सरकत राहा. त्याला मधून किक मारता आली नाही की तो सीमेकडे मारतो, आणि कोपऱ्यातून मारलेल्या फटक्याचं काय होतं ते वर ठाण्याच्या वाचकांच्या उत्तरात आलंच आहे. डावपेचांच्या मेनूत माणसामागे माणूस ठेवण्याऐवजी एक जास्त बचावपटू मागे ठेवण्याचा पर्याय असेल तर आघाडी असताना तो लावा. पिछाडीवर असताना नाही. पुढे झेलायला मग माणूस उरत नाही.

प्रश्न : मी दहावीत आहे. अवघड पातळीवर तीन क्वार्टर पुढे असतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत हरतो. शेवट कसा खेळायचा? (वसई)

उत्तर : तीन क्वार्टर पुढे राहतोस म्हणजे खेळ तुला जमला आहे, आता हिशेब जमव. आघाडी किती आहे यावर सगळं ठरतं. ६ गुणांची आघाडी असेल तर एक गोल झाल्यावर बरोबरी होते, ७ असेल तर गोल खाऊनही तू पुढे राहतोस. म्हणून ५ किंवा ६ ची आघाडी असताना एक साधा बिहाइंडसुद्धा मोलाचा आहे. एरवी कोपऱ्यातून मारू नकोस म्हटलं, पण इथे मार.

तुझ्या गोलसमोर गर्दी झाली आणि ३ गुणांची आघाडी असेल, तर चेंडू स्वतःच आपल्या गोलरेषेच्या पलीकडे ढकल. त्यांना एक गुण मिळेल, आघाडी २ वर येईल, पण किक-इन तुझी. सहा गुणांचा धोका एका गुणात टळला. मात्र हे दडपणाखालीच करायचं. अंगावर कुणी नसताना मुद्दाम चेंडू मागे घालवलास तर २००९ पासूनच्या नियमाने फ्री किक त्यांची, आणि ती गोलच्या तोंडाशी. आघाडी एकाच गुणाची असेल तर हा उपाय विसर, बरोबरी होईल.

वेळ काढण्यासाठी चेंडू सीमेबाहेर मारायचा मोह होतो. थेट बाहेर गेला तर फ्री किक. टप्पा पडून गेला तरी मुद्दाम मारल्यासारखा दिसला तर फ्री किक. सीमेच्या आत दहा-पंधरा मीटरवर, जिथे तुझा कुणीतरी आहे, तिथे मार. झेलला तर मार्क, सुटला तर चेंडू कडेला अडकतो. पुढे मार्क मिळाला आणि गोलवर मारायचं ठरवलंस, तर खऱ्या खेळात ३० सेकंद मिळतात. गेममध्ये घड्याळ दिसतं. ते संपत येईपर्यंत मारू नकोस.

तू मागे असशील तर उलटं. मॅच संपल्याच्या सायरनच्या आधी मार्क मिळाला असेल तर किक सायरननंतरही घेता येते. म्हणजे शेवटच्या पाच सेकंदांत ५५ मीटरवरून आंधळा फटका मारण्यापेक्षा कमानीच्या आत कुणाच्या तरी हातात चेंडू पडणं जास्त उपयोगाचं. मार्क झाला की काडीला हात लावू नकोस. सायरननंतर ‘प्ले ऑन’ झालं तर मॅच तिथेच संपते.

शेवटच्या क्वार्टरमध्ये तुझे खेळाडू मंद होत असतील तर कारण दम आहे. खऱ्या एएफएलमध्ये एका मॅचला ७५ बदल्या करता येतात. गेममध्ये बदल्या आपोआप होऊ दे, पण तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी मधल्या फळीतल्या दोघांना स्वतः बाकावर बसव म्हणजे शेवटच्या दहा मिनिटांना ते ताजे मिळतील. बोर्डाच्या वर्षात क्वार्टर छोटे ठेव, एवढंही सांगतो.

प्रश्न : क्वार्टर किती मिनिटांचा ठेवावा, आणि कोणता संघ, कोणतं मैदान घ्यावं? (मडगाव)

उत्तर : खऱ्या खेळात क्वार्टर २० मिनिटांचा, वर थांबलेला वेळ वेगळा. गेममध्ये दोन-तीन मिनिटांचा ठेवला तर एक नशिबाचा गोलही मॅच फिरवतो. दहाच्या आसपास ठेवलात तर मार्क जोडत जाण्याच्या खेळाचं फळ दिसायला वेळ मिळतो. संघ पहिल्यांदा बलाढ्य घ्या. २०२४ आणि २०२५ चा विजेता ब्रिस्बेन चांगला. कमजोर संघाचा नाद नंतर.

मैदान निवडताना रुंदी बघा. एमसीजी रुंद आहे, सुमारे १४१ मीटर; बचावातून चेंडू फिरवायला आणि मोकळा खेळाडू शोधायला जागा मिळते, म्हणून शिकायला तेच उत्तम. जिलाँगचं कार्डिनिया पार्क लांब पण अरुंद आहे, रुंदी सुमारे ११५ मीटर. तिथे दोन्ही संघ दाटीत खेळतात, आणि दाटीत संगणकाचे टॅकल जास्त बसतात. सिडनी क्रिकेट ग्राउंड लांबीला आखूड, सुमारे १५५ मीटर. मध्यावरची एक चांगली किक थेट गोलसमोर पडते, म्हणून रकमन बलवान असेल तेव्हाच तिथे जा.